तलवार म्यानात घाल

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातली माझी वाटचाल’ असा विषय दिला होता. तीस वर्षांची वाटचाल दहा मिनिटांत सांगायची, तर कंपन्यांची आणि पदांची नावं एवढंच तुमच्या हाती लागेल. मसालेभाताचा वास मलाही येतोय. तेव्हा वाटचाल बाजूला ठेवतो आणि आपल्या संगणक कक्षात घडलेली एक गोष्ट सांगतो. ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, पण चुकीची माहीत आहे. चुकीची सांगणारा मीच होतो.

प्रयोगशाळेशेजारची ती लहान खोली आठवा. दाराबाहेर चपलांची रांग, आत चार संगणक आणि त्यांच्यावर पडद्याच्या उरलेल्या कापडाची शिवलेली आवरणं. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी यायची, आणि सर ती कापसाने हळूच पुसायचे. एका यंत्रावर तिघं-चौघं. एक जण कळफलकावर, बाकीचे मागे उभे.

आपण नववीत असताना कुणाच्या तरी इंजिनिअरिंगला असलेल्या दादानं पुण्याहून एक फ्लॉपी आणली. तिच्यात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ होता. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आम्ही पाच-सहा जण त्या खोलीत घुसायचो. सर, तुम्हाला हे माहीत होतं आणि तुम्ही माहीत नसल्यासारखं केलंत. त्याबद्दल आज आभार मानतो.

ज्यांनी तो खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राजकन्येला सोडवायला नायकाकडे एक तास असतो. तळघरातून निघून, सापळे चुकवत, पहारेकऱ्यांशी तलवारबाजी करत वर जायचं. महिना-दीड महिना खपून, सेव्ह करत करत आम्ही बाराव्या पातळीवर पोचलो. तिथे नायकासारखीच दिसणारी एक सावली तलवार उपसून वाट अडवते. तिला वार केला की आपलीच ताकद कमी होते. तिला मारलं की आपणच मरतो. दोन शनिवार आम्ही मरत होतो.

आमच्या मागे वर्गातली एक मैत्रीण उभी असायची. मुलींनी कळफलकाला हात लावायचा नाही असा नियम कुणीच केला नव्हता. आम्ही फक्त कधी उठायचो नाही. तिनं तो सगळा खेळ मागे उभं राहून, आमच्या खांद्यांवरून पाहिला होता. दुसऱ्या शनिवारी ती म्हणाली, “अरे, तो तूच आहेस ना? मग मारतोस कशाला? तलवार म्यानात घाल.”

मी मागे न वळता म्हणालो, “तुला यातलं काय कळतं?”

बाकीचे हसले. ती थोडा वेळ उभी राहिली, मग बाहेर जाऊन चपला घातल्या आणि निघून गेली.

पुढच्या शनिवारी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. तिनं सांगितलं तसं करून पाहिलं. तलवार म्यानात घातल्यावर सावलीनंही घातली. मी तिच्याकडे चालत गेलो, ती माझ्याकडे आली, दोघं एक झाले आणि वाट मोकळी झाली. मग सगळे जमल्यावर मी तेच पुन्हा करून दाखवलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी विचारलं, “कसं सुचलं रे तुला?” मी म्हणालो, “सुचलं.”

त्या एका शब्दानं मला खूप दिलं. मी संगणक मंडळाचा प्रमुख झालो. खोलीची किल्ली माझ्याकडे आली. विज्ञान प्रदर्शनात पाहुण्यांना संगणक दाखवायला मी उभा. पुढे पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत ‘अवघड प्रश्न तुम्ही कसा सोडवलात?’ असं विचारलं, तेव्हा मी हीच गोष्ट सांगितली. माझ्या मुलीला ती झोपताना सांगितली. आणि ती मैत्रीण त्या खोलीत पुन्हा कधी आली नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आता मी ज्या लोकांत तीस वर्षं वावरलो, त्यांच्याबद्दल थोडं बोलतो. आम्ही संगणकवेडे लोक मतांचे फार पक्के असतो. व्हीआय बरा की ईमॅक्स, हे दोन्ही प्रोग्राम लिहायचे एडिटर, दोघांचाही जन्म १९७६ चा, आणि त्यांवरून आजही कँटीनमध्ये चहा गार होतो. लिनक्स की विंडोज. गेम कन्सोलवर खेळावा की पीसीवर. कळफलक कुठला, त्याच्या बटणांचा आवाज कसा हवा, यावरही दोन तट. यात मजा असते. नाक्यावर जशी क्रिकेटची भांडणं रंगतात, तशीच ही रंगतात.

पण ही मतं आणखी एक काम करतात, आणि ते आम्ही कबूल करत नाही. कोण आमच्यातला आणि कोण बाहेरचा, हे त्यांवरून ठरतं. मोबाईलवर खेळतोस? मग तू खरा गेमर नाहीस. एक्सेलवर काम करतोस? ते काही प्रोग्रामिंग नव्हे. वाक्यं निरनिराळी, पण प्रत्येकाच्या पोटात एकच वाक्य असतं: तुला यातलं काय कळतं?

गंमत अशी, की एवढ्या ठामपणे सांगितलेली मतं काळाच्या ओघात फारशी टिकत नाहीत. आमच्या क्षेत्रातलं एक गाजलेलं भांडण सांगतो. जानेवारी १९९२. अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी जाहीर केलं, की लिनक्सची रचना कालबाह्य आहे. त्यांची स्वतःची मिनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी बनवलेली. लिनक्स लिहिणारा लिनस टॉरवल्ड्स हेलसिंकीतला बावीस वर्षांचा विद्यार्थी. तो मिनिक्स वापरूनच शिकलेला. त्यानं तिखट उत्तर दिलं, आणि लगेच आपल्या भाषेबद्दल माफीही मागितली. मुद्दा मात्र सोडला नाही.

पुढे काय झालं? आज तुमच्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्या प्रत्येकाच्या खिशात लिनक्सचा गाभा आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत २०१७ पासून प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालतं. मग विद्यार्थी जिंकला आणि प्राध्यापक हरले? त्याच २०१७ मध्ये असं उघड झालं, की इंटेलच्या प्रोसेसरबरोबर येणाऱ्या एका नियंत्रण-भागात मिनिक्स चालतं. म्हणजे ज्या लॅपटॉपांवर बसून लोक मिनिक्सला मोडीत काढत होते, त्यांतल्या कितींच्या तरी पोटात मिनिक्सच बसलं होतं. दोघं एवढे जाणकार, पण दुसऱ्याच्या कामाचं पुढे काय होणार हे दोघांनाही दिसलं नव्हतं. मग चौदा वर्षांच्या मला काय दिसणार होतं?

मुलींना गेममधलं काही कळत नाही, असं मी १९९४ मध्ये धरून चाललो होतो. त्याच्या बारा वर्षं आधी, १९८२ मध्ये, कॅरल शॉ या बाईंनी ‘रिव्हर रेड’ हा विमानाचा गेम लिहिला होता. अटारीच्या त्या काडतुसात फक्त चार किलोबाइट जागा होती. लांबच लांब नदीचा नकाशा त्यात मावणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी नकाशा साठवलाच नाही. खेळ चालू असताना गणितानं नदी तयार होत जाईल अशी सोय केली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, ही सबब चालेल. पण माहीत नसताना मी मत मात्र दिलं होतं.

मागच्या वर्षी मी प्रिन्स ऑफ पर्शियाचा कर्ता जॉर्डन मेकनर याच्या आठवणी वाचत होतो. त्यानं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं होतं, आणि त्यावरून नायकाच्या हालचाली काढल्या होत्या. म्हणून तो नायक इतका खराखुरा पळतो. पण एवढ्या चित्रांनी अ‍ॅपल टू या छोट्या संगणकाची मेमरी भरून गेली. खेळात लढाई नव्हतीच. टॉमी पियर्स नावाची त्याची मैत्रीण खेळ बघायची आणि दर वेळी एकच सांगायची, यात लढाई हवी. तो म्हणायचा, जागाच नाही, दुसरं पात्र आणू कुठून? शेवटी त्यातून युक्ती निघाली. नायकाचीच चित्रं थोडी सरकवून, बिटांची उलटापालट करून एक वेगळी आकृती उभी केली. तीच ती सावली.

म्हणजे ज्या सावलीशी आम्ही दोन शनिवार लढलो, ती जन्मालाच आली एका बघणाऱ्या बाईनं चिकाटीनं सांगितलं म्हणून. त्यानं ऐकायला वेळ लावला, पण ऐकलं. आणि ऐकल्यावर श्रेय कुणाचं, हे जगाला सांगितलं. मी पुस्तक मिटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी तिला फोन केला. ती याच गावात हिशेबाचं ऑफिस चालवते. पन्नास-साठ दुकानदारांचं जीएसटीचं काम तिच्याकडे आहे. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला आठवतं ते.” मी विचारलं, “राग आला होता?” ती म्हणाली, “राग नव्हता आला रे. मला वाटलं, खरंच आपल्याला कळत नसेल.” मग थोडं थांबून म्हणाली, “दहावीनंतर बाबांनी विचारलं होतं, संगणकाचं काही शिकतेस का. मी म्हटलं, नको, मला त्यातलं कळत नाही. पण वाईट वाटून घेऊ नकोस. कॉमर्सनं माझं चांगलंच झालं.”

दिवाळीत मी तिच्या ऑफिसात गेलो. तिनं तिची एक एक्सेलची शीट दाखवली. दुकानदाराची खरेदीची बिलं एका बाजूला, सरकारी पोर्टलवरची माहिती दुसऱ्या बाजूला. जे जुळत नाही ते लाल होतं. व्यापाऱ्यानं बिल क्रमांकात तिरकी रेघ दिली असो वा आडवी, शीटला ते एकच आहे हे कळतं. कुणीही शिकवलेलं नाही. मी सूत्रं वाचत गेलो. माझ्या हाताखाली हे कुणी लिहिलं असतं, तर मी त्याचा पगार वाढवा असं वर कळवलं असतं. मी तिला म्हणालो, “हा प्रोग्राम आहे.” ती म्हणाली, “असेल. मला वेळेवर रिटर्न भरायचं असतं.”

मत असूच नये, असं मी म्हणत नाही. माझी मतं आजही ठाम आहेत. मुलांना पैसे लावायला शिकवणारे ऑनलाइन खेळ मला खेळ वाटत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला, तो मला बरा वाटला. ज्यांना पटत नसेल त्यांच्याशी मी जेवताना भांडायला तयार आहे. खेळाबद्दल, यंत्राबद्दल, सॉफ्टवेअरबद्दल कितीही भांडा. समोरच्याला त्यातलं कळतं की नाही, हा निकाल मात्र देऊ नका. तो कधी कधी ऐकणारा खरा मानतो आणि आयुष्यभर पाळतो.

आपली तुकडी शाळेला नवे संगणक देते आहे. मुख्याध्यापक बाई, त्यांच्यासोबत माझी एक विनंती आहे. एका यंत्रावर दोन-तीन मुलं बसतीलच. दर दहा मिनिटांनी समोरच्यानं उठायचं आणि मागे उभं असलेल्याला बसू द्यायचं, एवढा नियम भिंतीवर लावा. आमच्या वेळी तो नव्हता.

शेवटचं. ती आज इथे बसली आहे. मी परवानगी मागितली तेव्हा ती म्हणाली, “सांग. पण नाव घेऊ नकोस. सगळे वळून बघत राहिले तर मला जिलबी नीट खाता यायची नाही.” म्हणून नाव घेत नाही. पण तीस वर्षांपूर्वीच्या त्या प्रश्नाचं उत्तर आज दुरुस्त करतो.

“कसं सुचलं रे तुला?”

मला सुचलं नव्हतं. तिला सुचलं होतं. मी तिला माफी मागतो, आणि ज्यांनी त्या दिवशी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांनी त्या आता तिच्यासाठी वाजवाव्यात.