नवे गीत मंडळीच्या तोंडी कसे बसते

यवतमाळात ‘फ्री मेथॉडिस्ट’ हे नाव नवे नाही, पण त्यातला ‘फ्री’ कशासाठी आहे याचा विचार फारसा होत नाही. हा पंथ 1860 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात निघाला. तिथल्या अनेक चर्चमध्ये तेव्हा बाके भाड्याने दिली जात. पैसेवाला पुढे बसे आणि गरीब मागे उभा राहे. या पंथाच्या लोकांनी बाके सर्वांना मोकळी केली, गुलामगिरीला विरोध केला आणि सुरुवातीच्या काळात उपासनेतून वाद्ये व खास गायकवृंदही बाद केले. गायचे तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही. एकोणिसावे शतक सरता सरता हे मिशन वऱ्हाडात आले आणि यवतमाळ हे त्याचे मुख्य ठाणे झाले. पुढे 1953 मध्ये याच शहरात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. ती 1983 मध्ये पुण्याला हलली. तीस वर्षे वेगवेगळ्या प्रांतांतले, वेगवेगळ्या पंथांतले तरुण इथे पाळक व्हायला शिकत होते. अशा शिकलेल्या पाळकाला पुष्कळ नवी गीते ठाऊक असतात आणि त्याच्यासमोर बसलेल्या मंडळीला ती ठाऊक नसतात. तेव्हा नवे गीत मंडळीचे होते कसे, हा प्रश्न विचारायला यवतमाळ ही चांगली जागा आहे.

पहिले उत्तर सहज सुचते ते असे: चाल ओळखीची असली की गीत बसते. याला पुरावा भक्कम आहे. सुरुवातीच्या मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे त्याच विलायती चालींवर बसवली. इंग्रजी गीत शब्दातल्या आघातावर चालते, तर मराठी पद्य अक्षरांच्या संख्येवर किंवा ऱ्हस्व-दीर्घाच्या मापावर. विलायती चाल जिथे सूर लांबवते तिथे मराठीतले ऱ्हस्व अक्षर आले की ‘दिन’ हा दीन होतो आणि देवाचा ‘सुत’ चक्क सूत होतो. अर्थाचे असे हाल होत असताना माणूस गाईल, पण गुणगुणणार नाही. या अडचणीवर अहमदनगरकडच्या ख्रिस्ती लोकांनी तोडगा काढला. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनाच्या घाटात आणले. त्यानंतर नारायण वामन टिळक आले. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत असे, आणि त्याची गीतेही त्याच पुलावरून मंडळीत आली. अभंगाचे माप मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा, किंवा आठ-आठ अक्षरांची जोडी, हे त्याच्या कानात आधीच असते. शिवाय एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी धृपद धरायचे, ही रीत घरचीच. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही दुसऱ्या फेरीला गाता येते. ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात टिळकांचा वाटा केवढा मोठा आहे, हे तो हाती घेणाऱ्या कुणालाही दिसेल.

वऱ्हाडाला याहून जवळचा दाखला तुकडोजी महाराजांचा. ख्रिस्ती उपासना आणि त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना या एक गोष्ट नव्हेत, पण प्रश्न एकच आहे: कालपर्यंत नसलेले शब्द आज गावाने एकसुरात कसे म्हणावेत? महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारला. त्यांची भजने मराठीत होती, हिंदीतही होती, आणि आशय पुष्कळदा अगदी नवा: गावसफाई, व्यसनमुक्ती, जातिभेदाचा निषेध. हातात मात्र खंजिरी, आणि ठेका असा की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलावी. पुढे ग्रामगीता लिहिली तीही ओवीत. ओवीत असल्यामुळे गावातला पोथी वाचणारा माणूस ती पहिल्याच दिवशी सुरात वाचू शकला. एकेचाळीस अध्यायांचा तोच मजकूर गद्यात असता तर वाचनालयाच्या कपाटात गेला असता, असे मला वाटते.

इथपर्यंत सगळे सुरळीत दिसते. पण याच मुलखात असा एक दाखला आहे की तो या उत्तराला सरळ आडवा जातो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आणि दोनच दिवसांनी आपल्या शेजारच्या चंद्रपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. त्रिशरण, पंचशील आणि वंदना ही पालीत आहेत. ही भाषा घरात कुणी बोलत नव्हते आणि तिचे सूर या मातीतल्या भजनाचे नव्हते. चाल ओळखीची हवी हा नियम खरा असता, तर वंदना विद्वानांपुरती राहायला हवी होती. प्रत्यक्षात यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या विहारांत ती लहान मुलेही तोंडपाठ म्हणतात. तेव्हा पहिले उत्तर दुरुस्त करावे लागते. दीक्षा घेणाऱ्यांनी बावीस प्रतिज्ञांबरोबर जुने विधी टाकले होते. बारसे, लग्न, गृहप्रवेश, अंत्यसंस्कार या प्रत्येक ठिकाणी आता म्हणायचे काय, हा प्रश्न उघडा पडला होता. ती जागा रिकामी होती आणि ती भरण्याची गरज रोजची होती. बाबासाहेबांनी स्वतः बौद्ध पूजापाठाची पुस्तिका तयार केली होती ती याच गरजेपोटी. वंदनेची बांधणीही शिकण्याच्या सोयीची आहे. सांगणारा तुकडा सांगतो, लोक मागून म्हणतात, आणि तीच शरणागती तीनदा येते. म्हणजे एका बैठकीत तीन वेळा सराव होतो. माझे म्हणणे असे की नव्या गीताला आधी प्रसंग लागतो. चाल ओळखीची असेल तर त्याचे काम हलके होते इतकेच.

याच नजरेने टिळकांची गीते गाणाऱ्या मंडळ्यांकडे परत पाहिले तर तिथेही हेच दिसते. विलायती चालीची कितीतरी गीते मराठी मंडळ्यांनी टाकली नाहीत. नाताळची गीते तर कुणी टाकू देणारही नाही. देशी चालीचा अभिमान बाळगणारे यावर नाराज होतात आणि परक्या चालीची गुलामगिरी म्हणतात. मला हा राग थोडा उथळ वाटतो. शाळा-बोर्डिंगमध्ये तीन-चार पिढ्यांनी ज्या चालीवर आपले पहिले गीत म्हटले, ती चाल त्यांच्या कानाला परकी कशी म्हणायची? आजीच्या अंत्यविधीला म्हटलेले गीत नातवाला आजीचे वाटते, मग ते मुळात लंडनहून आलेले असो की आळंदीहून. कान जन्मजात नसतो, तो प्रसंगांनी घडतो.

यावर कुणी म्हणेल की प्रसंग वगैरे ठीक, पण निवड शेवटी वरचेच लोक करतात. समिती गीतपुस्तक ठरवते, पाळक क्रमांक सांगतो, मंडळी बिचारी गाते. यात अर्धे तथ्य आहे. छापले नसते तर टिळकांचे निम्मे लेखन नियतकालिकांच्या जुन्या अंकांत पडून राहिले असते. पण पुस्तक गीत टिकवते आणि मंडळी निवडते. मेथॉडिस्ट परंपरेचा मोठा गीतकार चार्ल्स वेस्ली याने सहा हजारांहून अधिक गीते लिहिली. आज जगभर गायली जातात ती त्यातली मूठभर. बाकीची कुणाच्या बंदीमुळे गेली नाहीत, त्यांना प्रसंग मिळाला नाही. त्याचा भाऊ जॉन वेस्ली याने 1761 मध्ये गाण्याच्या सूचना छापल्या. दुसऱ्या चाली नंतर शिका, आधी या नीट शिका, सगळ्यांनी गा, अर्धवट झोपेत असल्यासारखे गाऊ नका, आणि इतरांपेक्षा वर आवाज काढून घोटाळा करू नका, असे त्यांचे सार आहे. ज्याला हुकूम द्यावा लागतो त्याच्यासमोर न ऐकणारी मंडळी बसलेली असते, हे उघडच आहे. कोणत्याही मंडळीतले जुने गीतपुस्तक चाळून पाहावे. काही पाने बोटांनी मळून मऊ पडलेली असतात आणि बाकीची छापखान्यातून आली तशी कोरी.

आता मोबाइलचा काळ. नवी भक्तिगीते, त्यातली पुष्कळ हिंदी, आठवडाभर फोनवर ऐकून तरुण मुले रविवारी ती सुरू करतात. चाल कानात असते आणि शब्द समोरच्या भिंतीवर झळकत असतात. मग ज्येष्ठ मंडळी गप्प का बसतात? त्यांना नवे नको असते, हे सोपे उत्तर झाले. खरी अडचण पुष्कळदा साधी असते. ध्वनिमुद्रित गीत एका तयार गळ्यासाठी बांधलेले असते. त्याची पट्टी इतकी चढी की साठीच्या माणसाचा आवाज दुसऱ्या ओळीलाच फाटतो. मध्ये वाद्यांचे लांब तुकडे येतात आणि त्यानंतर नेमके कधी उचलायचे हे पडद्यावर लिहिलेले नसते. ऐकणे वेगळे आणि गाणे वेगळे. अभंगात टाळाचे एक आवर्तन सरले की पुढे काय येणार हे अंगाला कळते, तसे इथे कळत नाही. जाणता पेटीवाला असेल तर तो दोन सूर खाली येतो, मधले तुकडे गाळतो आणि धृपद दोनदा घेतो. मूळ गीत ज्याने फोनवर ऐकले त्याला ते जरा संथ वाटते, क्वचित बेचवही. पण कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते, पेटी आणलेली नसते, आणि एखादी बाई पुस्तक न उघडता तेच गीत आपल्या पट्टीत सुरू करते. आजूबाजूचे चौघे शब्द चुकवत का होईना, तिच्यामागे म्हणू लागतात.