आधी विचारू, मग वाढू

तिकोणा पेठेतल्या आम्ही बचत गटाच्या बाया आज तुमच्याशी बोलतोय.

दिवाळी झाली की खाली पवनेच्या काठाला ऊसतोड सुरू होते. बीड, जालना, परभणीकडची कुटुंबं लेकरंबाळं घेऊन येतात. शिवारात कोप्या उभ्या राहतात. त्यांत दर साली एखादी तरी पोटुशी असतेच.

मागच्या हंगामात अशीच एक पोर रात्री कोपीत बाळंत झाली. रक्त थांबेना. १०८ ला फोन लागला, पण पत्ता सांगता येईना. नवऱ्याला गावाचं नाव धड ठाऊक नव्हतं आणि उसाच्या फडाला कुठला आलाय पत्ता? शेवटी आमच्यातली एक रस्त्यावर बॅटरी घेऊन उभी राहिली, तेव्हा गाडी पोचली. पोर वाचली.

चार दिवसांनी ती कोपीत परत आली. आम्ही इंद्रायणीचा मऊ भात, वर तूप घालून नेला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर डबा तसाच. आम्हाला रागच आला. मग शेजारच्या कोपीतल्या मावशी म्हणाल्या, "बाई, आमच्यात ओल्या बाळंतिणीला भात देत नाहीत. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, खारीक-खोबरं देतात." भातानं काही बिघडत नाही हे खरं. पण परक्या मुलखात, माहेर नाही, आई नाही, अशा वेळी आपल्या चवीचा घास हाच आधार असतो. आम्ही बाजरीचं पीठ नेलं. ती पोटभर जेवली आणि मग बोलायला लागली.

आम्ही विचारलं, "तपासणीला का गं गेली नाहीस?" ती म्हणाली, "एक दिवस गेलं की खाडा पडतो. उचल घेतलेली, ती फिटायची कशी? कार्ड गावाकडं राहिलं. आणि दवाखान्यात गेलं की पिशवी काढतात."

ही भीती उगीच नाही, मैत्रिणींनो. २०१९ साली शासनाच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. अशा गावच्या पोरीला "अडाणी आहेस" म्हणून कसं चालेल? आम्ही तिला एवढंच म्हणालो, "आम्ही सोबत येतो. तुला विचारल्याशिवाय कुणी काही करणार नाही."

आता आम्ही काय करतो ते सांगतो. कोप्या पडल्या की आठ दिवसांत एक फेरी मारतो. पोटुशी कोण, ओली बाळंतीण कोण, त्यांची नावं आशाताई आणि अंगणवाडीताईंना देतो. बाया पहाटे फडात जातात, म्हणून नर्सताईंना संध्याकाळची वेळ मागतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. त्या दिवसाचा खाडा धरू नका, असं मुकादमाला चौघी मिळून सांगतो. एकटीनं सांगितलं तर तो ऐकत नाही. प्रत्येक कोपीत पुठ्ठ्यावर गावाचं नाव, जवळची खूण आणि १०८ मोठ्या अक्षरात लिहून टांगतो.

तुम्हीही त्यांना सांगा की कार्ड नसलं तरी माघारी फिरू नका, नवीन मागा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडायची गाडी, सगळं मोफत आहे. बाळ आजारी पडलं तर वर्षापर्यंत त्याचाही इलाज मोफत. अंगणवाडीचा आहार बाहेरगावच्या बाईलाही मिळतो.

अंगावरून रक्त जाणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडावर सूज, झटके, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

रीतभात त्यांची त्यांना करू द्या. पाचवी पुजायची तर पुजू द्या, हवं तर हळदकुंकू आपण नेऊ. फक्त पहिला चीक टाकू नका, बाळाला पाजा, एवढं समजावून सांगा. कोंदट कोपीत शेगडीचा धूर होत असेल तर शेक बाहेर, आडोशाला घ्यायला सुचवा.

पवना धरणात आपल्यातल्या कितीजणींच्या आयांची माहेरं बुडाली. गाव सुटणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. या पोरी आपल्या शिवारात आहेत तोवर त्यांचं माहेर आपणच. फक्त वाढण्याआधी एकदा विचारू, "बाई, तुझ्याकडं काय देतात गं?"