फोटो कुणाचा?

सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव आता मोबाइलवर गावोगाव फिरते. बारव प्राचीन, तिच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. फोटो खुशाल काढा. पण दुसऱ्याने काढलेला फोटो त्याचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. कोपऱ्यातलं नाव कापून तो आपल्या दिवाळी अंकात छापला, तर तक्रार होऊ शकते.

आणि चंद्राचे फोटो? नासाचे बहुतेक फोटो कॉपीराइटमुक्त असतात. २३ ऑगस्ट २०२३ला चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-३चे फोटो ही सरकारी कृती; आपल्याकडे तिलाही ६० वर्षांचं संरक्षण आहे. नुसतं ‘साभार’ लिहून भागत नाही. आधी परवानगी घ्या, मगच छापा.