मराठी बोलणारी चर्च
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला बजावलं, "काका, बँक सोडून काहीही बोला." म्हणून माझ्या दुसऱ्या नादाबद्दल बोलतो. नोकरीत बदली होईल त्या गावी, आणि निवृत्तीनंतर मुद्दाम एसटी पकडून, मी महाराष्ट्रातली जुनी चर्च पाहत आलो. "तुम्ही तर एकादशी करणारे, तुम्हाला चर्च कशाला?" असं पुष्कळ जण विचारतात. त्याचं उत्तर आज देतो.

सुरुवात नागपूरपासून, कारण आपल्याला मोठ्या कामाला तिथंच जावं लागतं. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपूरला आले. त्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याला माहीत आहे. ते १८८३ चं. पण याच हिस्लॉपसाहेबांनी गोंडांच्या लिंगोचं गाणं परधानाच्या तोंडून ऐकून लिहून घेतलं होतं. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात ते बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. आपल्या भागात ज्या लिंगोचं नाव घेतात, त्याची कथा अशी कागदावर टिकली.

नागपूरचीच आणखी एक गोष्ट. २९ नोव्हेंबर १९७० ला वेगवेगळे सहा ख्रिस्ती पंथ तिथं एकत्र आले आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं. बोलणी सुरू होती १९२९ पासून! पाण्याच्या टाकीच्या ठरावाला आपल्याकडे तीन सभा लागल्या म्हणून कोणी वाईट वाटून घेऊ नये.

पुढे नगर. आता अहिल्यानगर म्हणतात. इथल्या मिशनने १८४२ साली 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक सुरू केलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं आणि लक्ष्मीबाईंचं हे गाव. ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये रविवारी बसलो, तर पेटी-तबल्यावर भजन चाललेलं. चाल ओळखीची, शब्द मराठी, नाव तेवढं येशूचं. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या त्याच लक्ष्मीबाई.

पुणे-सोलापूर रेल्वेवर केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळातल्या, टाकलेल्या, विधवा मुलींना त्यांनी आसरा दिला. संस्कृत जाणणाऱ्या या बाईंनी सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि आश्रमातल्या मुलींनी खिळे जुळवून ते छापलं. १९२२ साली बाई गेल्या, छपाई पुरी झाली १९२४ मध्ये.

वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतला. आत चर्चच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. घंटा मात्र तिथं नाहीत. त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक भीमाशंकरला. वसईतल्या चर्चमध्ये आजही मराठीतून प्रार्थना होते. तिथले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

आता तरुणांसाठी थोडी माहिती. चर्च शोधताना "चर्च कुठं?" असं विचारलं तर कधी कधी नवीन इमारत दाखवतात. "जुनं मिशन कंपाउंड कुठं?" असं विचारा, म्हातारी माणसं बरोबर नेऊन सोडतात. रविवारी सकाळी जा. प्रार्थना संपेपर्यंत मागच्या बाकावर शांत बसा, फोटो नंतर. दारातल्या कोनशिला आणि आवारातली थडगी वाचा. गावाचा इतिहास तिथं कोरलेला असतो. पाळकसाहेबांना नमस्कार करून "पाहायला आलोय" म्हणा. मला आजवर कोणीही धर्म विचारला नाही. चहा मात्र बहुतेक ठिकाणी विचारला.

तर माझं उत्तर असं. मी देव बदलायला जात नाही. माझ्या मराठीची आणि या जंगलातल्या लोकांची काही कागदपत्रं त्या घरांत जपून ठेवलेली आहेत, ती पाहायला जातो. हल्ली माणूस कोणत्या दारातून बाहेर पडला यावरून त्याला जोखतात. कोणाला जोखण्याआधी त्या दारातून एकदा आत जाऊन यावं, एवढंच माझं म्हणणं.

आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षं दिवाळीचा फराळ इकडून तिकडे जातो आणि नाताळच्या करंज्या तिकडून इकडे येतात. यंदा ताट परत करताना त्यांना विचारू या, "तुमचं चर्च कुठलं? आम्हाला दाखवाल का?" डिसेंबरात एक गाडी ठरवू. वर्गणीचा हिशेब मी ठेवीन, ती सवय अजून आहे.