शाळांचे चालक कोणाचे चाकर?

(तालुक्याच्या गावी भरलेल्या शिक्षकांच्या सभेत एका खेडेगावच्या मास्तरांनी केलेले भाषण.)



मी खेड्यातला प्राथमिक शिक्षक. अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढली आणि पुढची वीस-बावीस वर्षे खडूच्या धुळीत गेली. व्याख्याने झोडण्याची मला सवय नाही. तरी ‘अनेक शाळा चालविणारी वरिष्ठ मंडळी’ हा विषय आपण माझ्या पदरी घातलात. मी मनाशी म्हटले, ठीकच आहे. वाड्याची पारख करावयाची तर धन्याला विचारून भागत नाही, सालगड्यालाही विचारावे लागते.

एक शाळा चालविणे निराळे आणि पन्नास शाळा चालविणे निराळे. एका शाळेचा हेडमास्तर सकाळी फाटकाशी उभा राहिला की आज कोण आले नाही, कोणाच्या पायात वहाण नाही, कोणाचा चेहरा उपाशी आहे, हे त्याला दिसते. पन्नास शाळांच्या चिटणिसाने कोणत्या फाटकाशी उभे राहावे? त्याला कागदावर विसंबावे लागते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, हिशेबतपासनीस आणि शाळा तपासणारे निरीक्षक अशी ही मंडळी असते. नेमणुका, बदल्या, बढत्या, इमारती, पैसा आणि निकाल यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात.

अशी मंडळी नकोच, असे म्हणणारा मी नव्हे. ज्या आडगावाला स्वतःच्या बळावर हायस्कूल पेलत नाही, त्याला ते मोठ्या संस्थेमुळे मिळते. भरल्या शाखेची शिल्लक कोरड्या शाखेच्या उपयोगी पडते. शहरातला चांगला गणिताचा मास्तर डोंगरातल्या शाळेवर पाठविता येतो. तेव्हा वरिष्ठ असावेत की नसावेत, हा वाद नाही. वरिष्ठ कोण असावेत आणि त्यांनी जाब कोणाला द्यावा, हा प्रश्न आहे.

सन १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी आपले निवेदन मांडले. त्यात दोन गोष्टींवर त्यांचा भर होता. पहिली ही की, शिक्षणाचा पैसा रयतेकडून येतो आणि त्याचा लाभ वरच्या थरालाच होतो. दुसरी ही की, खेड्यातले शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत. नांगराचे रुमणे किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची ज्यांना लाज वाटणार नाही आणि गोरगरिबांत जे मिसळतील, असे ते असावेत. जोतीरावांनी ही कसोटी शिक्षकाला लावली. मी म्हणतो, तीच कसोटी शिक्षकांच्या वर बसणाऱ्यांनाही लावून पाहा. ज्याने खडू धरला नाही आणि ज्याला नांगरही ठाऊक नाही, त्याच्या हाती पन्नास शाळांच्या किल्ल्या का असाव्यात?

ही कसोटी एका माणसाने उतरवून दाखविली आहे. किर्लोस्करांचे नांगर विकीत गावोगाव फिरलेले भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह निघाले. १९२७ साली महात्मा गांधींनी त्यास भेट दिली आणि छत्रपती शाहू महाराजांचे नाव त्याला मिळाले. त्या वसतिगृहात धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, मोडावयास दिले. संस्था चालविणे म्हणजे काय, याचा याहून स्पष्ट नियम कोणत्याही घटनेत लिहिलेला नाही. वरच्याने आधी स्वतःचे द्यावे, मग खालच्याकडे मागावे.

भाऊरावांनी कामाचा क्रम कसा लावला तोही पाहण्यासारखा आहे. १९३५ साली त्यांनी साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज काढले. पहिले फुकट निवासी हायस्कूल निघाले ते त्यानंतर, १९४० साली, महाराजा सयाजीरावांच्या नावाने. आणि छत्रपती शिवाजी कॉलेज तर १९४७ सालचे. म्हणजे कळसाच्या आधी पाया आणि इमारतीच्या आधी मास्तर. आज पुष्कळ ठिकाणी क्रम उलटा दिसतो. आधी कमान उभी राहते, तीवर नाव कोरले जाते, उद्घाटन होते, आणि मास्तरांची जागा मात्र रिकामी ती रिकामीच.

पुढे शाखा वाढल्या. आज त्या सातशेंहून अधिक आहेत. एकट्या माणसाच्या घोंगडीखाली एवढा पसारा मावत नाही. त्यासाठी संस्थेत आजीव सेवकांची पद्धत आली. ज्याने आपले आयुष्य संस्थेला वाहिले, अशा शिक्षकांतून कारभार पाहणारे निघावेत, ही त्यामागची कल्पना. याच वसतिगृहातला एक गरीब विद्यार्थी, पी. जी. पाटील, विलायतेत बॅरिस्टर झाला आणि परत येऊन संस्थेच्याच कामाला लागला. पुढे तो शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. वसतिगृहाच्या पंगतीत जेवलेला मुलगा जेव्हा वरिष्ठ होतो, तेव्हा धान्य संपले म्हणजे काय होते, हे त्याला अहवाल वाचून समजावून घ्यावे लागत नाही.

परंतु पद्धत चांगली असली की माणसे आपोआप चांगली राहतात, असेही नाही. पुण्याची डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली निघाली तीही आजीव सभासदांच्या त्यागावर. अवघ्या सहा वर्षांत, १८९० साली, टिळक तिच्यातून बाहेर पडले. आजीव सभासदाने बाहेरची कामे करून मिळकत करावी की नाही, आपला सर्व वेळ शाळा-कॉलेजालाच द्यावा की नाही, हा त्या भांडणातला एक मोठा मुद्दा होता. कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक, हे आज येथे ठरवावयाचे नाही. पण प्रश्न अजून जिवंत आहे. संस्थेचा चालक संस्थेचा वेळ कोठे घालवितो? कारखान्याच्या निवडणुकीत, बँकेच्या संचालकपणात, की शाळेच्या ओसरीवर?

आता माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण तक्रार माणसांविरुद्ध नाही, रीतीविरुद्ध आहे.

कित्येक वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या आडगावच्या शाखेवर होतो. गाव ऊसतोड्यांचे. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे गाड्या भरून कारखान्याच्या तळावर जात आणि पाडव्याच्या सुमारास परत येत. आईबापांचा कोयता जाई, पाठोपाठ मुले जात. कारण घरी त्यांना भाकरी कोण घालणार? माझ्या वर्गाचा पट चाळिसांचा, पण दिवाळीनंतर बाकांवर चोवीस-पंचवीसच मुले. मुख्य कचेरीतून पत्र आले, ‘हजेरी कमी का, याचा लेखी खुलासा करावा.’ मी खुलासा केला. दुसरे पत्र आले, ‘खुलासा समाधानकारक नाही.’ तिसऱ्या पत्रात वेतनवाढ रोखण्याची भाषा होती. तिन्ही पत्रांत उसाचा एक शब्द नव्हता.

मग वरिष्ठ मंडळींची भेट ठरली. तीन मोटारी आल्या. मुले दोन तास उन्हात रांगेत उभी होती. हार झाले, नारळ झाले, हेडमास्तरांच्या खोलीत चहा झाला. हजेरीपट उघडला गेला, निकालाची टक्केवारी विचारली गेली, आणि मंडळी उठली. वर्गात कोणी पाऊल टाकले नाही. फक्त एक म्हातारे सभासद, जे स्वतः निवृत्त शिक्षक होते, ते मागे राहिले आणि माझ्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसले. शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून त्यांनी विचारले, “गुरुजी, ही जागा कोणाची?” मी नाव सांगितले. पोर वाचनात वर्गात पहिली होती. “कोठे गेली?” म्हटले, “तळावर. धाकट्या भावाला सांभाळावयास.”

ते काही बोलले नाहीत. जाताना मात्र त्यांनी माझी तिन्ही पत्रे मागून घेतली. पुढच्या सालच्या दसऱ्यापूर्वी कचेरीतून चौथे पत्र आले. त्यात खुलासा मागितलेला नव्हता. शाळेची एक खोली राहावयास मोकळी करावी, गावातल्या दोन बायांना स्वयंपाकास सांगावे आणि धान्याचा खर्च संस्थेकडून घ्यावा, असे लिहिले होते. त्या साली अकरा मुले गावात राहिली. ती मुलगी मात्र राहिली नाही. तिचे लग्न उरकून टाकले होते. एक वर्ष उशीर झाला होता. बंधूंनो, वरच्यांच्या कारभारात एक वर्ष म्हणजे एक टपालाची फेरी. खालच्या पोराचे त्यात आयुष्य जाते.

तीच संस्था, तोच पैसा, तीच कचेरी. फरक पडला तो एक माणूस शेवटच्या बाकावर बसला म्हणून.

आज कायदाही आपल्या बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती सांगितली. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. पण पुष्कळ गावी सभा कागदावर भरते आणि आंगठे घरी जाऊन घेतले जातात. शिक्षकाच्या जागेसाठी ‘देणगी’ मागण्याचा बाजार आपण सर्वांनी ऐकला आहे. ज्यांनी शेत विकून ती भरली, तेही या सभेत बसले असतील. अनुदानित शाळेत पगार सरकार देते, इमारतीला गाव हातभार लावते, मुले रयत देते. मग चालकांनी काय द्यावयाचे? वेळ, लक्ष आणि निःस्पृहपणा. एवढेही देता येत नसेल तर ते चालक कसले? ते जकातनाक्यावरचे कारकून!

म्हणून माझी मागणी तीन गोष्टींची आहे. पहिली, चालक मंडळात निम्मी माणसे तरी वर्गात शिकविलेली असावीत. दुसरी, प्रत्येक वरिष्ठाने वर्षातून काही दिवस सर्वांत लांबच्या शाखेवर, हारतुऱ्यांशिवाय, मुक्काम करावा. तिसरी, संस्थेचा जमाखर्च गावच्या पालकसभेत मराठीत मोठ्याने वाचून दाखवावा. देवळाच्या जत्रेचा हिशेब पारावर वाचतात. शाळेचा का नाही?

आणि जाता जाता आपल्यालाही चार शब्द. वरिष्ठ आले की रांगा आपणच लावतो. हार आपणच आणतो. खोटी हजेरी मांडून कचेरीला खूष ठेवणारे आपल्यातच आहेत. पोर तळावर असताना पटावर ‘हजर’ लिहिणे म्हणजे तिची भाकर तोडणे होय. कारण ती हजर आहे, असे कळल्यावर तिच्यासाठी कोण चूल पेटवील? आपण खरा पट मांडला पाहिजे, मग वेतनवाढ राहो वा जावो. वरच्याने खाली उतरावे, असे म्हणावयाचे असेल तर खालच्याने खरे बोलावयास शिकले पाहिजे.

रयतेच्या शाळांचे चालक हे रयतेचे चाकर आहेत. त्यांनी ते विसरू नये, आणि आपण ते त्यांना विसरू देऊ नये. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.