भोंगा नसलेली गिरणी

मुंबईच्या गिरणगावात भोंगा वाजला की काम सुरू झाले किंवा पाळी सुटली, हे साऱ्या वस्तीला कळे. बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत किंवा व्हाइटफील्डमध्ये असा भोंगा वाजत नाही. तेथील कचेऱ्या थंड व स्वच्छ आहेत, खाण्यापिण्याची सोय चांगली आहे. परंतु नुकताच महाविद्यालयातून बाहेर पडून सॉफ्टवेअर लिहू लागलेल्या तरुणाला ‘आज तुझे काम संपले’ असे सांगणारे तेथे काही नाही. त्याच्या पुष्कळशा थकव्याचे मूळ या एका उणिवेत आहे.

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९८५ मध्ये बेंगळुरूत केंद्र काढले आणि ते उपग्रहाच्या द्वारे परदेशाशी जोडले. पुढे अनेक कंपन्या आल्या आणि या शहराच्या कामाला दोन घड्याळे लागली. येथे रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा कॅलिफोर्नियात ऋतुमानाप्रमाणे सकाळचे साडेसात किंवा साडेआठ होतात. ग्राहकाचा दिवस उजाडतो तेव्हा येथील मुलाचा दिवस सरलेला असतो. पण बैठक नेमकी त्याच वेळी भरते. ती आटोपेपर्यंत जेवण निवते. सकाळी सिल्क बोर्डाच्या चौकातील वाहनांच्या रांगेत तो पुन्हा उभा असतोच.

तथापि केवळ घड्याळाला दोष देऊन भागणार नाही. खरी गोम कामाच्या अंदाजात आहे. एखादे काम तीन दिवसांचे, असे अनुभवी माणसाच्या मापाने ठरते. नवख्याला त्यासाठी पाच दिवस लागतात, आणि हे स्वाभाविकच आहे. पण विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल, या धास्तीने तो विचारीत नाही. उरलेले दोन दिवस तो रात्रींतून वसूल करतो. काम वेळेवर झालेले दिसते, सर्वजण समाधान पावतात आणि पुढच्या खेपेसही तीनच दिवस धरले जातात. रात्रीचे तास कोणाच्याच हिशेबात आलेले नसतात. म्हणजे मुलाच्या कष्टानेच त्याच्यावरील ओझे कायम होते. शिवाय पेंगुळलेल्या डोळ्यांनी लिहिलेल्या आज्ञावलीत चुका राहतात, आणि त्या निस्तरण्याचे काम त्याच्याकडेच परत येते.

असे काही महिने गेले, की झोपेनेही न जाणारा शीण येतो, आवडीच्या कामाचा वीट येतो आणि आपल्याला काहीच जमत नाही असे वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची नेमकी हीच तीन लक्षणे नोंदविली. तिने या अवस्थेला रोग म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा जो ताण नीट हाताळला गेला नाही, त्याचा हा परिणाम होय, असे सांगितले. याचा अर्थ स्पष्ट आहे: हा मुलगा दुबळा नाही. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसह २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आठवड्याला पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या मानाने पंचावन्न किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे, असे मत मांडले आणि देशभर वाद झाला. कर्नाटकाच्या दुकाने व व्यापारी आस्थापनांविषयीच्या १९६१ च्या कायद्याने आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. २०२४ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात दिवसाला बारा तासांहून अधिक काम करू देण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा तेथील कर्मचारी संघटनेने त्याला विरोध केला.

महाराष्ट्राला हा झगडा अपरिचित नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि सूर्यास्ताला कामाची अखेर, या होत्या. रविवार १८९० मध्ये मिळाला. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाच पुसली गेली. तेव्हा १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणावा लागला. जी गोष्ट तेव्हा दिव्याने केली, ती आज खिशातील फोन करीत आहे. नवे साधन जुनी सीमा मोडते. नवी सीमा माणसांनाच आखावी लागते.

ती आखण्याचा आरंभ हिशेबापासून व्हावा. कामाला प्रत्यक्षात किती तास लागले, हे नवख्याने लिहून ठेवावे आणि अडचण शेवटच्या रात्री न सांगता पहिल्याच दिवशी सांगावी. असे सांगणे ही कबुली नव्हे, ती माहिती होय. मात्र ते निर्भयपणे सांगता येईल असे वातावरण ठेवणे हे गटप्रमुखाचे कर्तव्य आहे. रात्रीची पाळी ज्याने केली, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळची सुट्टी मागावी लागू नये. ती आपोआप मिळावी. घरच्यांनीही ‘पगार किती वाढला’ या प्रश्नाआधी ‘झोपतोस किती वाजता’ हे विचारावे. आणि मन अगदीच खचले, तर बेंगळुरूच्याच निम्हान्स संस्थेच्या मार्गदर्शनाखाली २०२२ पासून चालणारी ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

गिरणीचा भोंगा कर्कश होता, पण कामगाराला तो घरी जाण्याची मुभा देई. ती मुभा कमकुवतपणाची सवलत नव्हती. ती लढून मिळविलेला हक्क होता. संगणकासमोर बसलेल्या मुलाचाही तो तितकाच हक्क आहे.