साडेतीन मिनिटांतले गाणे

वाळवंटी नदीच्या काठी, साखळीला लागून, डिचोली तालुक्यात कारापूर हे गाव आहे. विठ्ठलापूरचे विठ्ठलमंदिर याच गावचे. तेथील चैत्रोत्सवात किंवा आसपासच्या जत्रांत रात्रभर भजन आणि नाटक ऐकून पहाटे घरी परतणाऱ्या माणसाला लांबलेल्या गाण्याचे भय वाटत नाही. त्याला विचित्र वाटते ते आखूड गाणे. सूरश्री केसरबाई केरकर यांच्या निवडक ध्वनिमुद्रिकांचा संग्रह अशा श्रोत्याच्या हाती आला, म्हणजे पहिला प्रश्न तो हाच विचारतो : गाणे आरंभिले तोच संपले कसे?

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी केरी येथे झाला. गोव्यात केरी नावाची गावे एकाहून अधिक. पेडण्यात एक, सत्तरीत एक. केसरबाईंची केरी फोंडा तालुक्यातली. तथापि त्यांच्या गाण्याचा एक धागा डिचोलीकडेही येतो. कोल्हापुरास अब्दुल करीम खाँ यांच्यापाशी काही महिने शिकून त्या गोव्यात परतल्या, तेव्हा रामकृष्णबुवा वझे लामगावास येत असत आणि त्या मुक्कामांत त्यांनी या मुलीस तालीम दिली. लामगाव हे डिचोलीजवळचेच. पुढे मुंबईस भास्करबुवा बखले प्रभृतींकडे शिकून १९२१ साली त्या उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या झाल्या, आणि १९४६ साली खाँसाहेब निवर्तले तोवर ते शिष्यत्व सुटले नाही.

एवढ्या दीर्घ तपश्चर्येतून सिद्ध झालेले हे गाणे तबकडीवर उतरले ते तीन-साडेतीन मिनिटांच्या मापाने. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर याहून फारसे अधिक मावत नसे. जयपूर-अत्रौली घराण्याचे वैशिष्ट्य असे, की लयीच्या प्रत्येक अंशाला स्वर बांधलेला असतो. आवर्तन भरत भरत गायक समेवर येतो आणि एका आवर्तनाचे उत्तर पुढच्या आवर्तनात मिळते. अशा गाण्याला अवकाश लागतो. तबकडीवर तो नव्हता. म्हणून ललत असो, नटकामोद असो की गौडमल्हार असो, केसरबाई प्रस्तावना करीत नाहीत. पहिल्याच स्वराला राग समोर उभा राहतो. स्थायी, अंतरा, आकारातल्या पल्लेदार ताना, आणि संपले. मोठ्या वाड्याचे दार उघडावे, आतला चौक क्षणभर दिसावा आणि दार मिटावे, तसा हा अनुभव आहे. चौक मात्र खोटा नसतो.

यंत्राने कलेचे माप ठरविण्याचा हा प्रकार केवळ आपल्याकडचाच नव्हे. १९४८ साली मिनिटास सव्वातेहतीस फेऱ्यांच्या जवळपास फिरणारी दीर्घ ध्वनिमुद्रिका अमेरिकेत बाजारात आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. विलायतेतील तरुण वादकांनी १९६० नंतरच्या दशकाअखेर या मोकळ्या जागेचा लाभ घेतला आणि ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ नावाचा संप्रदाय निर्माण झाला. ‘पिंक फ्लॉइड’ या लंडनच्या वाद्यवृंदाने १९७१ साली ‘एकोज’ ही एकच रचना तबकडीची संपूर्ण बाजू व्यापून, तेवीस मिनिटांहून अधिक काळ वाजविली. पण २००१ साली याच वृंदाच्या निवडक गीतांचा संग्रह निघाला, त्याला नावही ‘एकोज’चेच दिले गेले, आणि ती रचना मात्र सोळा-सतरा मिनिटांवर कापून घेण्यात आली! लांबीसाठीच ज्यांची ख्याती, त्यांच्या उत्तम कृतींची निवड करताना कात्री प्रथम लांबीवरच चालली.

येथे दोन संग्रहांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. विलायती वृंदाची मूळ रचना आजही अखंड मिळते. कापलेली आवृत्ती ऐकून ज्याचे समाधान होणार नाही, त्याने मूळ तबकडी लावावी. केसरबाईंच्या बाबतीत तशी सोय नाही. ध्वनिमुद्रणाची त्यांना फारशी आवड नव्हती. त्यांचे खरे गाणे मैफलीतले. १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी जाहीर गायन थांबविले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्या निवर्तल्या. मैफलींची काही थोडी मुद्रणे उरली आहेत, एवढेच. बाकी भरलेल्या सभा, त्या आवाजाने कोंदलेली दालने, ऐकणाऱ्यांबरोबरच गेली. तेव्हा या छोट्या तबकड्या मूळ ग्रंथाचा संक्षेप नव्हेत. ग्रंथ गहाळ झाल्यावर उरलेली पाने आहेत. त्यांना अपुऱ्या म्हणून बाजूस सारणारा रसिक तत्त्वतः बरोबर असेल, पण त्याच्या पदरी काही पडत नाही.

निवडणाराची जबाबदारी यामुळेच वाढते. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवर पृथ्वीच्या ध्वनींची सोनेरी तबकडी पाठविण्यात आली, तेव्हा भारतीय संगीतातून केसरबाईंची एक भैरवी निवडली गेली. तीही साडेतीन मिनिटांचीच. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि त्यानंतर अकराव्या दिवशी गायिकेने देह ठेवला.

आता ऐकण्याच्या रीतीविषयी थोडेसे. जुन्या यंत्रावर एक बाजू संपली, की उठावे लागे, तबकडी उलटावी लागे, सुई बदलावी लागे. तेवढ्या वेळात राग कानात मुरत असे. आजच्या संग्रहात अशी उसंत नाही. पहाटेचा ललत विरतो न विरतो तोच पावसाळी गौडमल्हार त्याच्यावर कोसळतो आणि पाठोपाठ भैरवीही येते. विलायती संग्रहात तर एक गीत दुसऱ्यात मुद्दाम मिसळून दिलेले आहे. तेथे ते शोभतही असेल. रागसंगीताला ते मानवत नाही. म्हणून विठ्ठलापूरच्या भजनाला जो श्रोता रात्र देऊ शकतो, त्याने या तबकड्यांनाही वेळ द्यावा. ललत दोनदा-तीनदा ऐकून यंत्र बंद करावे. गौडमल्हार वाळवंटीला पूर येईपर्यंत राखून ठेवण्यास हरकत नाही.